पालकाला कूलर

"सुतळी तरी सोडा, बाबा," मी म्हणाले.

"सुतळी सोडली की जुडी लोळते. तुला काय कळतं यातलं?"

मे महिन्यातली सकाळ. सहा वाजले होते, आणि माझे वडील श्रीधरराव उमाळे, हेडक्लार्क, आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात गुडघे टेकून पालक रोवत होते. लावत नव्हते, रोवत होते. बाजारातून आणलेल्या बांधलेल्या जुड्या, मुळांसकट आणि सुतळीसकट. खुरप्यानं खड्डा करायचा, जुडी उभी खोचायची, भोवती माती दाबायची. पालकामागे मेथी, मेथीमागे कोथिंबीर. सगळ्या जुड्या एका उंचीच्या, एका रांगेत. प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशी भाजी उभी होती.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची, अकोल्यातली. अकोल्याचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही आणि ज्यानं पाहिला त्याला सांगावं लागत नाही. त्या उन्हात पालक टिकत नाही. बी उगवलंच तर चार पानं धरतं, की लगेच फुलावर येतं, आणि मग ते पान गाईलाही कडू लागतं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, भाजीवालीला तर होतंच. बाबांना माहीत नव्हतं, कारण बाबांनी जन्मात कधी काही लावलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

सांगितलं होतं एका लग्नाच्या पंगतीत. शेजारच्या पानावर गयाबाई गावंडे यांचा भाऊ बसला होता. गावंड्यांचं गाव मूर्तिजापूरच्या बाजूला. घरची बागायत, गयाबाईंचा मुलगा लग्नाचा. बाबांनी त्याला सांगितलं, की आमच्या शैलाच्या हाताला असं यश आहे की भर मे महिन्यात आमच्याकडे पालक, मेथी, कोथिंबीर, काय म्हणाल ते. बाजाराचं तोंड पाहत नाही आम्ही. भावानं ते बहिणीला सांगितलं. आणि बहिणीनं निरोप धाडला, की पोरगी पाहायला येतो, आणि तिची भाजीही पाहतो.

आता खरी गंमत पुढं आहे. माझी भाजी होती. अगदी त्याच जागी, आदल्या दिवसापर्यंत. बारा फूट लांब, आठ फूट रुंद. न्हाणीघराचं पाणी आणि कूलरमधून गळणारं पाणी मी नाली काढून तिकडे वळवलं होतं. तिथं चिवळ होती. चिवळ ही भाजी उन्हाला भीक घालत नाही. पानं एवढीशी, पण रसदार. बी इतकं बारीक की राखेत कालवून फेकावं लागतं. महिन्याच्या आत कात्रीनं वरवर कापायची, ती पुन्हा फुटते. कपडे वाळत घालायच्या खांबावर पोईचा, म्हणजे मायाळूचा, वेल चढला होता, पानं तळहाताएवढी, जितकं ऊन तितकी तुळतुळीत. कडेला अंबाडी आणि लाल माठ. अगदीच आग पडायला लागली की दुपारचे तीन तास मी वरून आईचं जुनं लुगडं बांधत असे, आणि पाणी कधी उन्हात नाही, दिवस मावळल्यावर. अख्ख्या कॉलनीतल्या बायका मूठमूठ चिवळ मागायला यायच्या.

"हेच दाखवू ना त्यांना," मी आदल्या दिवशी म्हणाले होते.

"हे?" बाबा म्हणाले. "हे तण आहे. घरी पाहुणे येणार आणि आपण त्यांना गवत दाखवणार? उमाळे दुष्काळात आहेत असं वाटेल त्यांना."

बाबा हेडक्लार्क झाल्यापासून चिवळ आमच्या घरात तण झाली होती. त्याआधी दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या, पण तेव्हा कुणाला बढती मिळाली नव्हती. बाबांची वऱ्हाडी बोलीही त्याच सुमाराला गेली. साहेबांसारखं शुद्ध बोलायचे, आणि रागावले की तेवढं घसरायचे.

सकाळी मी उठून मागं गेले तेव्हा चिवळ कुंपणापाशी ढीग होऊन पडली होती. माठ आणि अंबाडी तिच्याखाली. पोईचा वेल खांबावरून ओढून काढलेला. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज नाही. पण मी फार वेळ रडले नाही, कारण मला ते स्थळ हवं होतं.

ते का हवं होतं तेही सांगते. मुलगा मी फोटोत पाहिला होता. ठीक होता, नाक-डोळे जागच्या जागी. मला हवी होती त्यांची विहीर. बारमाही पाण्याची, आणि तिच्या शेजारची सहा एकर काळी जमीन. बारा बाय आठ फुटांवर न्हाणीच्या पाण्यानं भाजी काढणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला विहीर या शब्दानं काय होतं, ते तुम्हाला नाही कळायचं. बाकीच्या मुली नवऱ्याची स्वप्नं पाहायच्या. मी मोटारपंप सुरू केल्याची पाहत असे. तेव्हा रोवा म्हटलं जुड्या, काय हवं ते रोवा, फक्त हे जमू द्या.

"अकराला येतायत," बाबा हात झटकत म्हणाले. "अकरापर्यंत काही होत नाही भाजीला."

आईनं रांगांवर पाणी शिंपडलं. लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं बाबा सांगायचे आणि आई ते खरं करून दाखवायची, हा आमच्या घरचा कामाचा रिवाजच होता. बाबांनी चार जणांत सांगितलं की आमच्याकडे रोज साजूक तूप असतं, की पाहुण्यांच्या दिवशी आई शेजारून वाटीभर तूप आणायची. आज पालक होता, एवढाच फरक.

अकरा वाजले. पाहुणे आले नाहीत.

साडेअकराला मेथीनं मान टाकली. आईनं पोती भिजवून भोवती लावली. बाराला कोथिंबीर आडवी झाली. बाबा घरात-बाहेर करत होते. सव्वाबाराला त्यांच्या डोक्यात कल्पना आली, आणि बाबांच्या डोक्यात कल्पना आली की काम आम्हाला लागायचं.

"कूलर फिरवा," ते म्हणाले.

"कुठं?" आईनं विचारलं.

"भाजीकडे."

आमचा कूलर म्हणजे लोखंडी धूड, गवताच्या ताट्यांचा. बैठकीच्या खिडकीतून काढून आम्ही तिघांनी तो मागच्या दारात नेला आणि तोंड अंगणाकडे केलं. वायर पुरेना, म्हणून आईनं शेजारच्या मानकरबाईंकडून जोडवायर आणली. मानकरबाई वायर द्यायला स्वतः आल्या, पालकावर कूलर चाललेला पाहिला, आणि लगबगीनं परत गेल्या. त्यांच्या घरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

पालक थोडा सावरला, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही मात्र घामानं भिजून गेलो.

पाहुण्यांची जीप वाटेत पंक्चर झाली होती. ते दीडला आले. गयाबाई, त्यांचा मुलगा प्रभाकर, आणि तो पंगतीतला भाऊ. गयाबाई नऊवारीतल्या, सुकलेल्या अंगाच्या, हाताला मातीचा रंग कायमचा बसलेला. त्यांनी बैठकीत बसल्या बसल्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. पदरानं वारा घेतला. मी पन्हं घेऊन गेले. प्रभाकरनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. घड्याळ नवं होतं आणि तो ते सारखं दाखवत होता.

"ऐकलं ते खरं का, साहेब?" प्रभाकरनं बाबांना विचारलं. "मेमध्ये पालक?"

"भरपूर," बाबा म्हणाले. "अहो, तंत्र असतं त्याला. माती, पाणी, आणि मुख्य म्हणजे निगा."

"बरोबर आहे," प्रभाकर म्हणाला. "मीबी औंदा एप्रिलमध्ये दोन ट्रॉल्या पालक काढला."

"वा," बाबा म्हणाले.

"अमरावतीचे व्यापारी बांधावर येऊन घेऊन गेले."

"वा, वा. जाणकार माणूस भेटला म्हणायचं."

दोघांची छान गट्टी जमली. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं झेलायचं. गयाबाई पन्ह्याच्या पेल्यात पाहत होत्या. तेव्हा मला वाटलं, पन्ह्यात मुंगी आहे की काय.

पेला खाली ठेवून त्या उठल्या. "भाजी पाहू बाई तुही."

बाबा पुढं, आम्ही मागं. मागच्या दारात कूलर घरघरत होता. गयाबाई त्याला वळसा घालून पलीकडे गेल्या, थांबल्या, कूलरकडे पाहिलं, पालकाकडे पाहिलं.

"भाजीले कूलर?"

"नवीन पद्धत आहे," बाबा म्हणाले.

"आन मानसं घामात."

"भाजीचा जीव नाजूक असतो हो."

गयाबाई खाली बसल्या. दोन बोटांनी एक जुडी धरली आणि उचलली. जुडी अलगद वर आली, पूर्ण, जशी भाजीवालीनं दिली होती तशी. मुळांभोवती सुतळीचे दोन वेढे आणि गाठ. त्यांनी दुसरी उचलली. तिलाही गाठ. त्यांनी त्या जुड्या शेजारी ठेवल्या. प्रभाकर फिसकन हसला. भावानं तोंड फिरवलं.

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी सांगतील, मुळं एकत्र राहण्यासाठी बांधतात वगैरे. त्यांना सुचायचं बाकी कधी राहत नसे. पण त्या दिवशी उन्हानं म्हणा की कशानं, त्यांना सुचलं नाही. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"काय गं शैला," ते म्हणाले, "हे काय करून ठेवलंस?"

कूलरचा पंखा घरघरत राहिला. आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला आणि खाली पाहिलं.

"अहो, हिला सगळं स्वतःच करायचं असतं," बाबा गयाबाईंना सांगत होते. "आम्हाला हात लावू देत नाही. हौस दांडगी, पण पोरवय. खरी भाजी जळाली असणार, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"तू लावल्या व्हय ह्या जुड्या?" गयाबाईंनी मला विचारलं. त्यांनी बाबांकडे पाहिलंही नाही.

आज इतक्या वर्षांनी मी सांगू शकते, की त्या क्षणी मला बाबांची कीव आली. खरंच आली. इतका मोठा बोलणारा माणूस एका सुतळीपुढं असा उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. पण नुसती कीव असती तर मला माझा अभिमान वाटला असता. कीव होती, पण तिच्या शेजारी हिशोबही होता. मला वाटलं, बापाची लाज झाकणारी मुलगी कुठल्या सासूला नको असेल? हिला कळेल मी खोटं बोलतेय, आणि ती म्हणेल, काय संस्कार आहेत पोरीचे. विहीर माझीच.

"हो," मी म्हणाले. "मीच लावल्या."

बाबांनी सुस्कारा टाकला. गयाबाई उठल्या. "हातावर पानी घाल बाई माह्या," म्हणाल्या, आणि कुंपणाजवळच्या टाक्याकडे निघाल्या. मी तांब्या घेऊन मागं गेले. बाबा प्रभाकरला घेऊन आत गेले. ट्रॉल्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं मला ऐकू येत होतं.

मी पाणी घातलं. गयाबाईंनी हात धुतले, तोंड धुतलं, आणि कुंपणापाशी पडलेल्या ढिगाकडे बोट केलं.

"थे तुही भाजी ना?"

मी तांब्यात पुन्हा पाणी भरलं.

"चिवय लय दाट उगवली होती. राखेत कालवून फेकलं ना बी?"

"हो."

"मंग? तुह्या बापाच्या नखात माती हाये, तुह्या नाई. खोटं कायले बोलली?"

"बाबांना वाईट वाटलं असतं," मी म्हणाले, आणि मान खाली घातली. मान खाली घालताना मला वाटत होतं, आता ही माझ्या डोक्यावर हात ठेवणार.

गयाबाईंनी पदराला हात पुसले. "दोन ट्रॉल्या पालक म्हने," त्या म्हणाल्या. "बी उगवलंच नाई बाई औंदा. मी सोता दोन डाव टाकलं. थो व्यापारीबी आला नाई अन् ट्रॉलीबी भरली नाई. याचा बाप असाच होता. तीस वर्स त्याले झाकलं, आता याले झाकून राह्यली. मले वाटलं होतं, मे महिन्यात भाजी काढनारी पोरगी हाये, हिच्यात दम असंल. तोंडावर सांगंल त्याले, की तू खोटं बोलतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तूबी माह्यासारखीच निंगाली. झाकनारी एक हाये माह्या घरी. दुसरी काय करू?"

मी तांब्या खाली ठेवला. मी म्हणाले, "मी सांगते. आत्ता जाऊन खरं सांगते सगळ्यांना."

"आता सांगशीन त माह्यासाठी सांगशीन," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

जाताना भाऊ म्हणाला, "कळवतो." ज्याच्या घरी मुलगी आहे त्याला 'कळवतो' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाबांना मात्र सांगावं लागलं असतं. जीप वळायच्या आत ते आईला म्हणाले, "जमल्यात जमा आहे. मुलाशी माझं फार पटलं." मग आम्ही तिघांनी कूलर उचलून पुन्हा खिडकीत बसवला.

पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. पत्रिका जुळत नाही म्हणून. आमच्याकडे कुणी पत्रिका मागितलीच नव्हती. बाबा पाटावर जेवायला बसले होते. त्यांनी कार्ड वाचलं, ताटाशेजारी ठेवलं, आणि मला म्हणाले, अगदी समजुतीनं म्हणाले:

"निदान सुतळ्या तरी सोडायच्या होत्यास, शैला. एवढंही कळू नये?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते सोंग करत नव्हते. माणूस सोंग करतो तेव्हा डोळे कुठंतरी जातात. बाबांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यात खरंखुरं दुःख होतं, मुलीच्या मूर्खपणाचं. पाच दिवसांत त्यांच्या लेखी त्या जुड्या मी रोवल्या होत्या.

"बाबा, जुड्या तुम्ही रोवल्या," मी म्हणाले.

"मी?" बाबांनी आईकडे पाहिलं. "मी कशाला रोवू?"

"चुकली हो ती," आई पटकन म्हणाली. "पोरवय आहे. तुम्ही जेवा. वरण निवतंय." आणि मला डोळ्यानं खूण केली, गप्प राहा.

ती खूण मी लहानपणापासून ओळखत होते. तुपाच्या वाटीच्या वेळीही तीच असायची. मी गप्प राहिले नाही.

"आई, सकाळी सहा वाजता यांनी रोवल्या. सुतळी सोडा म्हणून मी सांगत होते, आणि तू तिथंच उभी होतीस. तू पाणी घातलंस. तू शेजारून वायर आणलीस. यांनी सगळ्यांसमोर माझ्यावर ढकललं तेव्हा तू दारात होतीस. सांग ना यांना. एकदा सांग."

आईच्या हातात वरणाची पळी होती. ती तिनं परत भांड्यात ठेवली. बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते.

"सांग," मी म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "तुम्हीच रोवल्या." आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर निघून गेली.

बाबा ताटावरून उठले. रात्रीही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला म्हणाले, "शैला, चहा कर," आणि पेपर उघडला. संध्याकाळी त्यांनी मानकरांना सांगितलं, की गावंड्यांचं स्थळ आम्हीच नाकारलं, मुलगा फार बाता मारतो.

आई माझ्याशी बोलत नव्हती. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मला कळेना, मी हिची बाजू घेतली की नाही? ओझं हिच्याच डोक्यावरचं काढलं की नाही? आठव्या दिवशी मी अंगणात पुन्हा बी टाकायला माती मोकळी करत होते, तेव्हा ती धुणं वाळत घालायला आली. मी म्हणाले, "आई, बाबा तर दुसऱ्या दिवशी विसरले. तू किती दिवस धरणार?"

तिनं एक धोतर झटकलं, दोरीवर टाकलं, आणि त्याच्या सुरकुत्या काढत राहिली.

"ते विसरणारच," ती म्हणाली. "त्यांना कुठं ऐकू येतं ते काय बोलतात ते? मलाही येत नव्हतं गं इतकी वर्षं. आता येतं. त्या दिवशी मानकरांशी बोलत होते ना, शब्द न् शब्द ऐकू आला." तिनं दुसरं धोतर उचललं. "अजून पुष्कळ वर्षं काढायची आहेत मला त्यांच्यासोबत. तू तर जाशील लग्न करून."